यंत्र, तबकडी आणि कान

ग्रंथावर टीका लिहावयाची तर तो सबंध वाचावा लागतो, नाटकावर लिहावयाची तर नाट्यगृहांत जाऊन बसावें लागतें. ध्वनिमुद्रित गायनावर टीका करणारे आपण लोक मात्र तें गायन कोठें ऐकलें, कशावर ऐकलें, याचा उच्चारही करीत नाहीं. खिशांतल्या मोबाइलवर, रेल्वेच्या डब्यांत, शेजारच्या गृहस्थाच्या खोकल्यासह ऐकलेल्या ख्यालांवर आम्हींही आजवर निःशंकपणें मतें दिलीं आहेत. पुस्तकाचीं पहिलीं पन्नास पानें गळालेलीं असतां त्यावर अभिप्राय देणाऱ्या टीकाकारास काय म्हणावें, तें वाचकांनींच ठरवावें. तो टीकाकार आम्हीच, हें आमच्या ध्यानांत आलें तें पाम येथें एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या घरीं काढलेल्या एका रविवारीं. त्या दिवसाचा वृत्तांत देऊन त्यावरून सुचलेला विचार वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पाम हें गांव पालघर जिल्ह्यांत, बोईसर-तारापूरच्या टापूंत आहे. बोईसर स्टेशनावर उतरून समुद्राच्या रोखानें निघालें म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या मागें पडतात, आणि भातखाचरें, ताडाचीं झाडें व खारा वारा यांची सोबत सुरू होते. आमचे स्नेही तरुणपणीं येथील एका कारखान्यांत नोकरीस आले, आणि निवृत्तीनंतर मुंबईस परत न जातां येथेंच राहिले. मुलांचीं शिक्षणें आणि लग्नें उरकल्यावर जें कांहीं शिल्लक उरलें, त्यांतील मोठा वांटा त्यांनीं ध्वनियंत्रांत घातला. त्या यंत्रांच्या किंमतींत एक बरी मोटारगाडी आली असती, असें त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सांगतात. पण त्या सांगण्यांत तक्रार नसते.

बैठकीची खोली अठरा फूट लांब व बारा फूट रुंद. समोर छातीइतके उंच दोन स्पीकर; त्यांच्यामध्यें जमिनीलगत अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्यांतल्या कांचेच्या व्हाल्व्हांचा निरांजनासारखा मंद, तांबूस उजेड. एका जड शिसवी पाटावर तबकडी फिरविण्याचें टर्नटेबल. भिंतींवर ठिकठिकाणीं कापूस भरलेल्या चौकटी टांगलेल्या. या चौकटी कशासाठीं, असें आम्हीं विचारलें, तेव्हां यजमान म्हणाले, “खोलीलाही स्वतःचा आवाज असतो, प्रोफेसरसाहेब. या दोन भिंतींत बारा फुटांचें अंतर. सेकंदास सत्तेचाळीसेक कंपनांचा स्वर त्यांच्यामध्यें सांपडला, कीं तो घुमतच राहतो. गवई कोणत्याही पट्टींत गावो, खोली आपला वेगळा खर्ज लावून बसते. त्या कापसानें तिला जरा गप्प बसविलें आहे.” वास्तविक अशी चौकसबुद्धि आपल्याकडे नवी नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं श्रुतींचें मापन मांडलें, आणि त्या कामीं अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्याचें साहाय्य घेतलें. स्वर मोजल्यानें रस आटतो, ही समजूत खांसाहेबांची तरी नव्हती.

प्रथम यजमानांनीं किशोरी आमोणकर यांचा भूप लावला. तंबोरे सुरू झाले आणि आम्ही सावरून बसलों. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित् गोलसर पृष्ठावरून जाते. तिच्याखालीं सुताचा एक धागा असतो. तो केसभर पुढें-मागें सरकविला म्हणजे तार घोडीस अशा बेतानें स्पर्श करते कीं मूळ स्वरांतून वरचे स्वर एकामागून एक उमलूं लागतात. हीच जवारी. मिरजेचे कारागीर ती केवळ कानावर विसंबून काढतात, आणि तेथील सतार व तंबोरा यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. तंबोऱ्याविषयीं हें सारें आम्हांस पुस्तकी रीतीनें ठाऊक होतें. त्या दिवशीं तें कानांनीं कळलें. तंबोरा हा नुसता आधार नसून गायिका ज्या पाण्यांत पोहते तें पाणी आहे, असें वाटलें.

तथापि पाव तास लोटल्यावर आमचें आम्हांसच एक नवल वाटूं लागलें. गायिकेनें श्वास कोठें घेतला, तबलजीचा तळवा डग्ग्यावर कसा घासला, कोणता तंबोरा डावीकडे व कोणता उजवीकडे, हें सर्व आम्ही टिपीत होतों. आणि भूप मात्र केव्हांच पुढें निघून गेला होता. ध्वनीच्या शौकिनांचा हा खरा दोष. मूर्तीचें दर्शन घेण्यास जावें आणि गाभाऱ्यांतील समईची घडण वाखाणून परतावें, त्यांतलाच हा प्रकार. त्यांतून डाव्या-उजव्याची ती मांडणी बहुतेक वेळां मुद्रणकारानें स्टुडिओंत केलेली असते, मैफलींतली नव्हे. यंत्र शोभून दिसावें म्हणून तबकडी निवडूं लागलों, कीं गायन हें यंत्राचें खाद्य होऊन बसतें. आम्हीं हें यजमानांस स्पष्ट बोलून दाखविलें. एवढ्या पैशांत कितीतरी प्रत्यक्ष मैफली ऐकून झाल्या असत्या, असेंही म्हटलें.

यजमान रागावले नाहींत. म्हणाले, “मैफल मुंबईस, म्हणजे शंभरएक किलोमीटर जाणें आणि रात्रीची गाडी चुकविणें. तेंही सोसलें असतें. पण खांसाहेब १९३७ सालीं गेले. माझा जन्म त्यानंतरचा. मीं कोणतें तिकीट काढावयाचें?” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अल्लादिया खांसाहेबांनीं आपलें गाणें मुद्रित होऊं दिलें नाहीं, आणि १९४६ सालीं त्यांच्याबरोबर तें गेलें. भास्करबुवा बखले यांचेंही तेंच झालें. त्यांच्याविषयीं आज आपण जें बोलतों, तें ऐकीव भक्तीनें बोलतों.

यानंतर जें घडलें, त्यासाठींच खरें म्हणजे हा लेख लिहीत आहों. गतवर्षीं एका तरुण गायकाच्या मुद्रणाचा परामर्श घेतांना, ‘मंद्रांत आवाज पोकळ, साधना अपुरी’ असें आम्हीं छापून टाकलें होतें. त्या गायकाचेंच मुद्रण यजमानांनीं, त्या अभिप्रायाची आठवण ठेवून, मुद्दाम लावलें. मंद्रांतला तो आवाज पोकळ तर नव्हताच. चांगला भरलेला, ओलावा असलेला होता. आमचा चेहरा पाहून यजमानांनीं कारण समजावून दिलें. काळी एक पट्टींत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सेकंदास सुमारें १३९ कंपनांचा, आणि त्याचा खर्ज ६९ कंपनांचा. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरास एवढ्या खालचा स्वर काढण्याची ताकदच नसते. तरीही आपणांस तो स्वर ऐकूं येतो. कारण त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे जे वरचे स्वर पोंचतात, त्यांवरून खालचा हरवलेला स्वर आपला मेंदूच रचून घेतो. शास्त्रज्ञांस ही गोष्ट फार दिवसांपासून ठाऊक आहे. स्वर ओळखतां येतो, पण त्याचा भरीवपणा येत नाहीं. आम्हीं ऐकलेली पोकळी आमच्या यंत्राची होती. ती आम्हीं त्या गायकाच्या पदरीं बांधली. तो अभिप्राय आम्ही येथें जाहीरपणें मागें घेतों. यंत्राचा अभिमान धरणाऱ्यास हंसण्यापूर्वीं यंत्राचें अज्ञान किती महाग पडतें, हेंही सांगणें आमचें कर्तव्य आहे.

दुपारचें जेवण झाल्यावर जुन्या तबकड्या निघाल्या. आपल्या देशांत गायनाचें मुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यास सुरू झालें. आरंभीं गवयानें कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें, आणि त्या आवाजाच्या जोरानेंच मेणावर रेघ कोरली जावयाची. १९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला, आणि मुद्रणाचा आवांका वाढला. यजमानांनीं अगदीं आरंभीच्या काळांतली एक तबकडी चढविली. गायिकेनें दोन आवर्तनें घेतलीं असतील नसतील, तोंच स्वयंपाकघरांतून वहिनींचा आवाज आला, “अहो, बाई आज घाईंत आहेत!” यजमानांनीं लगबगीनें वेग उतरविला. त्या काळच्या तबकड्या सर्वच कांहीं मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या नसत. चार-साडेचार फेऱ्यांचा फरक पडला, कीं सारें गाणें एका पट्टीनें वर चढतें, आणि गळाही पोरकट वाटूं लागतो. वहिनींस एकाही यंत्राचें नांव सांगतां येणार नाहीं. पण मनुष्याचा गळा कोणत्या वेगानें वळतो, हें त्यांस पक्कें ठाऊक आहे.

मग अब्दुल करीम खांसाहेबांच्या उत्तरवयांतली झिंझोटीची ठुमरी लागली. खरखर होतीच, क्षणभरानें ती पावसासारखी मागें राहिली, आणि आवाज तेवढा पुढें आला. यजमान डोळे मिटून, मान किंचित् कलती ठेवून ऐकत होते. सकाळीं भूप चालू असतां ते आमच्या चेहऱ्याकडे पाहत होते, हें आम्हांस तेव्हां आठवलें. तीन मिनिटांची तबकडी संपली. त्यांनीं कपाटांतून एक कागद काढून आमच्यापुढें ठेवला. तो त्यांच्या कानांच्या तपासणीचा आलेख होता. रेघ डावीकडून सरळ येऊन तीन हजार कंपनांच्या पुढें खोल दरींत उतरलेली, आणि मग पुरती वर न आलेली.

“कारखान्यांत कॉम्प्रेसरच्या खोलीशेजारीं माझी जागा होती,” ते म्हणाले. “मोठ्या आवाजाचा घाव प्रथम चार हजारांच्या आसपास बसतो. वरचें वयानें नेलें. कानांतल्या त्या पेशी एकदां गेल्या कीं पुन्हा येत नाहींत. सकाळीं तुम्हांला तंबोऱ्यांत जें दिसलें ना, तें मला आतां दिसत नाहीं. जवारीसाठीं यंत्र लावावयाचें झालें म्हणजे हिला बसवितों, आणि ती ‘आतां बोलला’ म्हणाली कीं थांबतों.” क्षणभर थांबून ते पुढें म्हणाले, “पण या जुन्या तबकड्यांत वरचें फारसें कांहीं नाहींच. जेवढें त्यांत आहे, त्यांतलें बहुतेक मला ऐकूं येतें. येथें माझा तोटा नाहीं.”

त्या वाक्यानें आम्ही निरुत्तर झालों. आयुष्यभराची पुंजी ज्या स्वरांसाठीं वेंचली, तेच स्वर ऐन वेळीं दाराबाहेर राहिले. आणि या मनुष्यानें कपाळास हात न लावतां आपल्या कानाएवढ्याच रुंदीची एक तबकडी शोधून काढली. आम्हांसही आतां पन्नाशी ओलांडून कांहीं वर्षें झालीं आहेत. यंत्रांच्या जाहिरातींत वीस हजार कंपनांपर्यंतची ग्वाही असते. त्यांतलीं वरचीं कित्येक हजार आमच्याही हिशेबीं आतां जमा होत नसावींत. मोठ्या किंमतीचीं यंत्रें विकत घेण्याची ऐपत मनुष्यास बहुधा येते, ती त्याचे कान उतरणीस लागल्यावर.

मग ऐकतें कोण? आमच्या साहित्यशास्त्रकारांनीं काव्याचा आस्वाद घेणाऱ्यास ‘सहृदय’ म्हटलें, आणि त्याच्या मनावरील पूर्वसंस्कारांस रसास्वादांत मोठें स्थान दिलें. पामच्या त्या खोलींत हा विचार आम्हांस निराळ्या अर्थानें पटला. हरवलेला खर्ज मेंदू रचून घेतो, तसाच तबकडींत न मावलेला गवई श्रोत्याचा संस्कार रचून घेतो. पण रचण्यास कांहीं खरा धागा हातीं लागावा लागतो. तो निकृष्ट यंत्रानें तुटला, तर संस्कार चुकीचेंच कांहीं रचूं लागतो, आणि अभिप्राय म्हणून छापूनही टाकतो. म्हणून यंत्राची उपेक्षा करणारा आणि यंत्राचीच पूजा करणारा, असे दोघेही अर्धेंच ऐकतात, असें आमचें मत झालें आहे.

१९७७ सालीं अंतराळांत सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, आणि तिच्यावर केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ती कशी वाजवावी, याच्या आकृति तिच्या वेष्टनावर कोरल्या आहेत. परग्रहावर कोणी असलेच, तर त्या आकृतींच्या आधारें ते सुई टेकवितीलही. मात्र बाई घाईंत आहेत कीं नाहींत, हें सांगणारें कोणी त्यांच्या स्वयंपाकघरांत असेल कीं नाहीं, कोण जाणे!

इतःपर कोणत्याही मुद्रणावर लिहितांना तें कशावर ऐकलें, हें आम्ही आरंभींच नमूद करणार आहों, आणि ऐकणाऱ्याचें वयही. निघतांना यजमानांनीं पुढल्या खेपेचें आमंत्रण दिलें. वहिनींनीं रिक्षापर्यंत येऊन हळूच सांगितलें, “पुढच्या वेळीं जरा मोठ्यानें बोला हं. तुमचें निम्मेंअधिक त्यांना ऐकूं आलें नाहीं. पण विचारणार नाहींत ते.”