संगणकातील शब्दसूची आणि भाषेची कसोटी

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. छापलेला कागद बाहेर पडण्यापूर्वी तपासला जातो. कारण तो चलनात गेला की त्यावरील चूक असंख्य हातांत पोचते. १९९३ साली आरंभिलेल्या डेबियन या मुक्तस्रोत कार्यप्रणालीतही हाच विवेक आढळतो. नवे पॅकेज, म्हणजे एखाद्या आज्ञावलीचा बांधून दिलेला संच, तेथील भांडारात थेट शिरत नाही. ते प्रथम रांगेत थांबते व भांडाराचे व्यवस्थापक त्याची परीक्षा करतात.

ही परीक्षा मुख्यतः परवान्याची असते. प्रत्येक संचिकेचा स्वामित्वहक्क कोणाचा, ती वाटण्याची व बदलण्याची मुभा आहे काय, १९९७ च्या मार्गदर्शक तत्त्वांशी ती जुळते काय, हे कसोशीने पाहिले जाते. ही कठोरता सर्वथा योग्य होय. परंतु पॅकेज मराठी शुद्धलेखन-तपासनीसाचे असेल, तर एवढ्याने परीक्षा पुरी झाली असे म्हणता येत नाही.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी घ्यावी. पहिला शब्द सागरवाचक, दुसरा ‘दरी’चे अनेकवचन. दुसऱ्यातील अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो : नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य संयोजक-चिन्ह जोडून. यूनिकोडला दोन्ही मान्य आहेत. डोळ्यांना ही रूपे एकच. यंत्राला मात्र भिन्न. सूचीत एकच रूप असल्यास दुसऱ्या रीतीने लिहिणाऱ्याचा निर्दोष शब्दही चुकीचा ठरतो. हन्स्पेल या तपासनीसात अशा रूपांचे एकीकरण करण्याची सोय आहे; परंतु ती योजिली आहे काय, हा प्रश्न मराठी जाणणाऱ्या परीक्षकालाच सुचेल.

हा दोष व्यवस्थापकांचा नव्हे. जगातील सर्व भाषा त्यांना अवगत असणे शक्य नाही. सूची १९६२ व १९७२ च्या लेखननियमांस धरून आहे की नाही, ‘घरापर्यंत’सारखी सामान्यरूपावर उभी राहिलेली रूपे ती ओळखते की नाही, हे पाहणे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते. नोटेवरील अक्षर वाचकाला बदलता येत नाही. येथे मात्र मूळ संहिता खुली असून दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. विद्यापीठीय विभागांनी तो बजावला नाही, तर यंत्राने लावलेले वळण हेच प्रमाणलेखन मानले जाण्याचा धोका राहील.