विंचेलची तीन टिंबं

वॉल्टर विंचेल म्हणजे न्यूयॉर्कच्या नटनट्यांच्या भानगडी छापणारा पेपरवाला. त्याचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. तर सांगतो.

विंचेल १८९७ साली जन्मला, हार्लेममध्ये. गरीब ज्यू घर. सहावीत शाळा सुटली, पोरवयात स्टेजवर गाऊननाचून पोट भरलं. १९२४ ला 'इव्हनिंग ग्राफिक'मध्ये शिरला, १९२९ पासून 'डेली मिरर'मध्ये कॉलम. मग रेडिओ. देशभरचे शेकडो पेपर त्याचा कॉलम छापायचे. शिकलेसवरलेले नाक मुरडायचे, पण ह्या गड्यानं बोलीतले शब्द मोडूनतोडून नवे केले आणि रस्त्यावरच्या माणसाला पेपर वाचायला लावला. हे मी मानतो. हिटलरला त्यानं लवकर ओळखलं, अमेरिकेतल्या त्याच्या चेल्यांना झोडपलं, हेही मानतो.

मेख आहे ती त्याच्या टिंबांत. एक बातमी, तीन टिंबं, दुसरी बातमी. कुणाचा काडीमोड, तीन टिंबं, कुणाचं नाटक आपटलं, तीन टिंबं, कुठला गुंड मेला. सगळं एकाच मापानं. का, कशामुळं, हे विचारायला टिंबांत जागाच नाही. माल पुरवायचे प्रेस एजंट. आपल्या गिऱ्हाईकाचं नाव छापून यावं म्हणून दुसऱ्यांची लफडी आणून द्यायचे.

आता ऑक्टोबर १९५१. स्टॉर्क क्लब. विंचेलच्या कॉलमनंच मोठा केलेला, त्याचं टेबल तिथं राखीव. जोसेफिन बेकर तिथं जेवायला गेली. काळी बाई, नाचगाण्यातली मोठी कलावंत, महायुद्धात फ्रान्ससाठी हेरगिरी केलेली. ऑर्डर दिली. जेवण काही येईना. तासभर बसवून ठेवलं. तोंडानं 'नाही' कुणीच म्हणालं नाही. आपल्याला हे नवं आहे का? वेगळी कपबशी ठेवणारा हॉटेलवालाही तोंडानं काही बोलत नसतो.

विंचेल त्या रात्री क्लबात होता. ते घडायच्या आधीच मी सिनेमाच्या खेळाला निघून गेलो, असं त्याचं म्हणणं. धरू खरं. पण दुसऱ्या दिवशी कॉलम तर हातात होता ना? वर्णद्वेषाविरुद्ध लिहिणारा म्हणून नाव कमावलेला माणूस, दोस्त मालकाला दोन शब्द सुनवेना. उलट बाईवरच घसरला. म्हणे कम्युनिस्टांची, म्हणे मुसोलिनीचीही. दोन्ही एकदम! टिंबांत काहीही बसतं. एनएएसीपीनं क्लबापुढं निदर्शनं केली, बाईनं विंचेलवर दावा लावला, पण अमेरिकेतली तिची कामं गेली ती गेलीच. विंचेल पुढं मॅकार्थीच्या गोटात. साच्यावरचा माणूस जॉबर झाला की साच्यावरच्यांनाच कसा रगडतो, हे गिरणीवाल्यांना सांगायला नको.

ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या मोर्च्यात बेकर फ्रेंच लष्करी गणवेशात उभी राहून बोलली. ऑक्टोबरात 'मिरर' बंद पडला. विंचेल १९७२ साली मेला. त्याच साली मुंबईत पँथर निघाली.

लॅरी किंगनं सांगून ठेवलंय, शेवटी शेवटी विंचेल आपला कॉलम सायक्लोस्टाइल करून रस्त्याच्या कोपऱ्यावर वाटायचा, आणि अंत्यविधीला एकटी मुलगी होती. किंगला त्याची कीव आली. विंचेलची खुशाल करा दोस्तहो, सायक्लोस्टाइलची करू नका. १९२० साली बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची साधी जाहिरात, पैसे देऊ केले तरी 'केसरी'नं छापली नव्हती.