प्रायव्हेट म्हणजे तिजोरी नव्हे

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची पाठ्यपुस्तके 'प्रायव्हेट' या शब्दापाशी आली की हमखास तिजोरीचे उदाहरण देतात. क्लासमधली माहिती कोणी चोरू नये म्हणून ती प्रायव्हेट करायची, असे विद्यार्थी पाठ करतात. ही उपमाच आम्हाला खटकते.

सी प्लस प्लसमध्ये हे बंधन कंपायलर तपासतो. पॉइंटरची थोडी कसरत केली की ते ओलांडता येते. हे संरक्षण अनवधानाने होणाऱ्या चुकांपासून आहे, लबाडीपासून नव्हे, हे भाषेचे जनक स्ट्रॉस्ट्रुप यांनीच स्पष्ट केले आहे. पायथनमध्ये तर नावाआधी अधोरेषा देऊन 'बाहेरून हात लावू नये' एवढेच सुचवतात.

मग प्रायव्हेट कशासाठी? अपूर्णांकाचा क्लास घेऊ. घटक दोन, अंश आणि छेद. नियमही दोन : छेद शून्य नसावा आणि अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात असावा. छेद पब्लिक असेल तर मोठ्या प्रोग्रॅममध्ये कोठूनही त्यात शून्य भरले जाईल आणि चूक शोधण्यासाठी सगळ्या ओळी चाळाव्या लागतील. प्रायव्हेट असेल तर क्लासमधली पाच-सहा फंक्शने तपासली की पुरे. शिवाय उद्या संक्षेप फक्त छापताना करायचे ठरले, तरी बाहेरच्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ता लागणार नाही. बदलू शकणारे निर्णय असे झाकून ठेवावेत, हे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडले होते.

पण हीच पुस्तके लगेच प्रत्येक घटकाला एक 'गेट' आणि एक 'सेट' फंक्शन जोडतात. कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर! वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग सांगतो. १/२ चे २/३ करायचे आहे. अंश २ केला, झाले २/२. नियमाप्रमाणे त्याचे लगेच १/१ होते. आता छेद ३ केला. हाती येतात १/३. दोन्ही सेट फंक्शने आपापल्या परीने बरोबर, उत्तर मात्र चूक. अंश आणि छेद एकत्रच द्यायला हवेत. सुटे 'सेट' येथे नकोच.

तिजोरीची उपमा आणखी एका ठिकाणी फसते. बेरजेच्या फंक्शनमध्ये एक अपूर्णांक दुसऱ्याचा प्रायव्हेट छेद खुशाल वाचतो. सी प्लस प्लस आणि जावा यांत कुंपण क्लासभोवती असते, प्रत्येक ऑब्जेक्टभोवती नाही. स्मॉलटॉकमध्ये मात्र ते ऑब्जेक्टभोवती असते. तिथे शेजारच्या अपूर्णांकाला त्याचा छेद विचारूनच घ्यावा लागतो.