'गुलामगिरी' : बळीच्या बाजूने केलेले वाचन

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आपल्या संमेलनांतून आदराने घेतले जाते. त्याची कारणेही ठरलेली असतात. शाळा सुटलेल्या जोतीला पुन्हा शाळेत घाला म्हणून गोविंदरावांचे मन वळवणारे गफार बेग मुन्शी हे एक, आणि जोतीरावांची 'मानव महंमद' ही रचना हे दुसरे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तेवढ्यावर थांबले की फुले केवळ 'आपले स्नेही' होतात आणि त्यांची पुस्तके कपाटातच राहतात.

'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध झाली. धोंडीबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तर देतात, असा तिचा घाट. दशावतारांकडे जोतीराव चमत्कार म्हणून पाहत नाहीत. लहान होड्यांतून आलेल्या टोळीचा म्होरक्या तो मत्स्य, अशी त्यांची मांडणी. खरी धार चढते ती बळी-वामनाच्या कथेत. ज्याला पुराणेच दानशूर म्हणतात त्याला कपटाने पाताळात घालणारा देव कसा, हा त्यांचा सरळ सवाल आहे. परशुराम चिरंजीव असेल तर सहा महिन्यांच्या आत त्याने हजर व्हावे, असे पत्रही त्यांनी काढले. वाचताना हसू येते, पण पोथीचा दावा शब्दशः खरा मानून तो उघडा पाडण्याची ही हातोटी मोठमोठ्या खंडनग्रंथांत सापडत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या भाषेची टर उडवली. या सवालाला मात्र त्या टवाळीत उत्तर नाही.

पुस्तकात कच्चे दुवेही आहेत. 'महाअरी'पासून 'महार' ही व्युत्पत्ती आजचा भाषाशास्त्रज्ञ मान्य करणार नाही. आर्यांच्या स्वारीची कथाही जोतीरावांनी सांगितली तशी आज कुणी मांडत नाही. इतिहास म्हणून पुस्तक लंगडे पडते, टीका म्हणून नाही. कारण त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा शेतकऱ्याच्या घरातला आहे : 'इडा पिडा जावो, बळीचे राज्य येवो.' ज्याला हरवल्याचा उत्सव पोथी सांगते, त्याच्याच राज्याची वाट घरची बाई ओवाळताना पाहते. ही विसंगती सगळ्यांच्या कानांवर पडत होती, जोतीरावांनी ती ऐकली.

इथपर्यंत आपण टाळ्या वाजवतो. रोख दुसऱ्याच्या घराकडे असला की ते सोपेच असते. पण जोतीरावांच्या निधनानंतर १८९१ साली निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त ते म्हणतात, सगळ्याच धर्मपुस्तकांत त्या त्या काळाला अनुसरून काही ना काही सत्य आहे. सगळ्याच, म्हणजे त्यात कुरआनही आले. अल्लाहचा कलाम काळाच्या मर्यादेत बसवणे श्रद्धावान मुसलमानाला मान्य होणार नाही, आणि तो मतभेद झाकून फुल्यांची जयंती साजरी करण्यात प्रामाणिकपणा नाही. हमीद दलवाई यांनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले तेव्हा 'सत्यशोधक' या शब्दाचा रोख आपल्याच घराकडे वळवला होता. त्यांना झालेला विरोध आपल्याला आठवतो. त्यांनी तो शब्द कुठून उचलला, याची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी झाली नाही.

त्याच पुस्तकात जोतीराव एक कुटुंब कल्पितात. आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगा सत्यधर्मी, आणि मुलगी मुसलमान. सगळी एका घरात गोडीने राहतात. त्या मुलीला तिचा धर्म कोणी दिलेला नाही. तिने कुरआन स्वतः वाचले आहे.