चौथीच्या वर्गातले जयंतीचे भाषण

दलित साहित्याच्या समीक्षेत आत्मकथनांची चर्चा झाली, कवितेची झाली, जलशांचीही थोडीफार झाली. एक वाङ्मयप्रकार मात्र समीक्षकांच्या नजरेतून कायम सुटत आला आहे. तो दरवर्षी चैत्रात उगवतो, हजारो मुलांच्या तोंडी बसतो आणि उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी विसरलाही जातो. तो म्हणजे शाळेतले १४ एप्रिलचे भाषण. समीक्षकांनी त्याला क्षुल्लक मानले, कारण त्याला लेखक नाही आणि प्रकाशकही बहुधा स्टँडवरचा पुस्तकविक्रेता असतो. पण खेड्यातल्या नऊ वर्षांच्या मुलाला बाबासाहेब पहिल्यांदा भेटतात ते या बारा-पंधरा ओळींत. पुष्कळांना त्यानंतर ते भेटतच नाहीत.

यंदा मराठवाड्यातल्या एका शाळेत चौथीच्या वर्गात मी काही दिवस बसलो. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. परिसर अभ्यासात शिवछत्रपतींचा इतिहास संपवून उजळणी चालू होती, फळ्यावर अपूर्णांक होते आणि मधल्या सुट्टीत भाषणांची तालीम. ११ एप्रिलला जोतीरावांची जयंती आणि १४ ला बाबासाहेबांची, म्हणून दोन्ही भाषणे एकदमच वाटलेली. वाटणी कशी झाली होती हे विचारायची गरज पडली नाही. बाबासाहेबांवर बोलणारी चारही मुले एकाच वस्तीतली होती. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या भाषणांत त्यांतले कोणी नव्हते. गुरुजींना मी हे बोलून दाखवले तेव्हा ते गोंधळले. त्यांनी ते मुद्दाम केले नव्हते. मुलांनीच हात वर केले, असे ते म्हणाले, आणि ते खरे असावे. नऊ वर्षांच्या मुलाला आपला हात कोणत्या महापुरुषासाठी वर करायचा हे ठाऊक असते, म्हणजे त्या वर्गात पुस्तकाबाहेरचा एक धडा पक्का झालेला आहे.

आता भाषणाकडे वळू. अध्यक्ष, गुरुजन आणि बालमित्रांना वंदन झाले की जन्म येतो: १८९१, महू, चौदावे अपत्य. मग गरिबी, मग दिव्याखालचा अभ्यास, मग पदव्या, मग घटना, मग जयभीम. या ओळींत खोटे फारसे नसते. पदव्यांचा आकडा तेवढा दरवर्षी फुगतो, वर्गातल्या एका मुलाच्या तोंडी तो बत्तीसवर गेला होता. कोलंबियाची पीएच.डी., लंडनची डी.एस्सी. आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी एवढ्याने ज्यांचे समाधान होत नाही त्यांना पदवी म्हणजे काय हेच कळलेले नसते. पण ते सोडून देऊ.

माझा आक्षेप व्याकरणाचा आहे. भाषणातले कळीचे वाक्य असे असते, की लहानपणी बाबासाहेबांना वर्गात वेगळे बसावे लागले, त्यांना पाणी मिळत नसे. या वाक्यात बसणारा आहे, तहानलेला आहे. पण बसवणारा कोण? पाणी नाकारणारा कोण? कर्ता नाही. जणू पावसाने ओढ दिली म्हणून पाणी मिळाले नाही. पुढे तीच तऱ्हा. अस्पृश्यता ‘होती’ आणि नंतर ती ‘नष्ट झाली’. मध्ये १९२७ चे महाड नाही, त्याच वर्षी २५ डिसेंबरला जाळलेली मनुस्मृती नाही, १९३० चे काळाराम मंदिर नाही, खोती रद्द करण्याचे विधेयक नाही, हिंदू कोड बिलापायी १९५१ मध्ये सोडलेले मंत्रिपद नाही. १४ ऑक्टोबर १९५६ तर नाहीच. ज्या माणसाने आयुष्यभर माणसे जमवून भांडण मांडले, तो या भाषणात एकटा दिव्याखाली बसलेला हुशार विद्यार्थी होऊन राहतो. अशा विद्यार्थ्याची भीती कोणाला वाटणार?

लहान मुलांना याहून अधिक झेपत नाही, असे उत्तर मिळते. मला ते पटत नाही, आणि पटत नाही याचे कारण खुद्द बाबासाहेबांच्याच लेखणीत आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने छापल्या. कोलंबिया विद्यापीठातले विद्यार्थी त्या अभ्यासतात, आमच्या चौथीत मात्र त्या पोहोचत नाहीत. आणि त्यांतला पहिला प्रसंग तर नऊ वर्षांच्या मुलाचाच आहे! १९०१ चा उन्हाळा. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावी, दुष्काळी कामावर खजिनदार. मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूरला उतरतात. घ्यायला कोणी आलेले नाही. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडीवान तयार होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. डबा सोबत आहे, प्यायला पाणी नाही, आणि रात्र तशीच जाते. त्याच लिखाणात शाळेतले गोणपाट आहे, जे झाडणारा नोकर शिवत नाही म्हणून रोज घरी न्यावे लागते. नळ आहे, जो शिपायाने सोडला तरच ओंजळीत पाणी. इथे प्रत्येक वाक्याला कर्ता आहे. स्टेशनमास्तर आहे, गाडीवान आहे, शिपाई आहे. हे नऊ वर्षांच्या मुलाला झेपत नाही?

मी नळाची गोष्ट त्या वर्गात सांगितली. भाषण करणाऱ्यांतली एक मुलगी ऊसतोडीच्या टोळीबरोबर दिवाळीनंतर गेलेली आणि नुकतीच परतलेली. वर्ग अपूर्णांकांपर्यंत आला तेव्हा ती फडाच्या कडेला कोपीत धाकट्या भावाला सांभाळत होती. तिने विचारले, “मंग सर, शिपाई आला नसंल त्या दिशी?” मी म्हणालो, त्या दिवशी पाणी नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आमच्या कोपीवर टँकर नाही आला तर मुकादम म्हनायचा, विहिरीवर जाऊ नका, मालक वरडतो.” तिच्या वाक्यात मुकादम होता, मालक होता, विहीर होती. तिला कोणी व्याकरण शिकवले नव्हते.

याची परंपरा आपल्याकडे आहे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या जोतीरावांच्या शाळेतल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापला गेला. ती नुसते हळहळत नाही. ती बाजीरावाच्या राज्याचे नाव घेते, गुलटेकडीच्या मैदानाचे नाव घेते, वेदांवर ज्यांनी मालकी सांगितली त्यांना समोर उभे करून आपला धर्म कोणता ते विचारते. शाळकरी मुलीचे लेखन कसे असू शकते याचा हा पुरावा पावणेदोनशे वर्षांपासून आपल्यासमोर पडून आहे. आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी खेड्यातल्या शाळेसाठी विषय सुचवले तेव्हा मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञानही मागितले. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, नांगर धरायची लाज नसलेले असावेत, हीही त्यांचीच मागणी. मूल जगते त्या जगाशी शाळेने बोलावे एवढाच त्याचा अर्थ. चौथीतली ती मुलगी उचल, कोयता, वाढे यांचा हिशेब तोंडी करते. अपूर्णांकात ती नापास होईल.

दोष एकट्या गुरुजींवर टाकणे सोपे आहे. त्यांच्या डोक्यावर निवडणुकीच्या याद्या आहेत, रोजची ऑनलाइन माहिती आहे, पोषण आहाराचा हिशेब आहे. स्टँडवरची पुस्तिका त्यांना हाताशी सापडते. पण आपल्या विहारांत काय चालते? तिथेही तीच पुस्तिका, तेच दिव्याखालचे बाबासाहेब, आणि न अडखळता सर्वांत जोरात म्हणणाऱ्याला पेन बक्षीस. मी स्वतः अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो आहे आणि पाठांतराला गुण दिले आहेत. मुलाने मध्येच थांबून एखादा प्रश्न विचारला असता तर मी त्याचे गुण कापले असते.

१४ तारखेला ती मुलगी बोलली. पुस्तिकेतलेच बोलली. पाण्याच्या वाक्यापाशी अडखळली, मागून कोणीतरी पुढची ओळ सांगितली आणि तिने ती पुरी केली. टाळ्या झाल्या. गुरुजींनी मात्र नंतर माझ्याकडून मसूरच्या गाडीची गोष्ट लिहून घेतली.

या अंकाचे वाचक बहुसंख्येने शिक्षक आणि कार्यकर्ते आहेत. आपल्या शाळेत, आपल्या वस्तीत यंदा वाटले गेलेले भाषण त्यांनी जसेच्या तसे उतरवून पाठवावे, आणि ते कोणत्या मुलांना दिले गेले तेही लिहावे.