घरखरेदीदाराचा तपासणीचा हक्क : आलापल्लीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना : घराची खरेदी हा सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार होय. खरेदीपूर्वी घर तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा हक्क कायद्याने खरेदीदारास दिला आहे काय, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या संदर्भात केली आहे.

कायदेशीर तरतुदी : महाराष्ट्राच्या 1963 च्या सदनिका मालकीविषयक कायद्याने (मोफा) इमारतीचे नकाशे व तपशील सात दिवसांच्या सूचनेवर पाहण्याचा हक्क दिला. केंद्राच्या 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाने (रेरा) ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला संरचनात्मक दोष प्रवर्तकाने 30 दिवसांत विनामूल्य दूर करावा, असे बंधन घातले. तथापि पहिला हक्क कागदापुरता आहे, तर दुसरा उपाय ताब्यानंतरचा आहे. शिवाय 500 चौ.मी. पर्यंतच्या जमिनीवरील अथवा 8 सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना रेराची नोंदणी आवश्यक नाही आणि आपले राहते घर विकणारा गृहस्थ ‘प्रवर्तक’ ठरत नाही.

आलापल्लीतील स्थिती : अहेरी तालुक्यातील या गावात घर बहुधा मालकाकडून थेट घेतले जाते. अशा व्यवहारास 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 55 लागू पडते. विक्रेत्यास ठाऊक असलेला, परंतु खरेदीदारास ‘साधारण दक्षतेने’ न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक असून तो लपविणे कपट मानले जाते. मात्र विरुद्ध करार नसेल तरच हे कलम लागू होते. ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांनी वादास वाट मिळते, ती येथेच. आलापल्ली सागवानासाठी प्रसिद्ध आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरच्या फिकट लाकडाला मात्र लागते. रंग दिलेल्या चौकटीत किंवा छताच्या वाशात ती साधारण दक्षतेने दिसेल काय? आणि विक्रेत्यास ती ठाऊक होती, हे खरेदीदाराने सिद्ध तरी कसे करावे?

निष्कर्ष : उपलब्ध तरतुदी खरेदीदाराकडून दक्षतेची अपेक्षा ठेवतात, तज्ज्ञासह घरात शिरून पाहण्याचा स्पष्ट हक्क मात्र देत नाहीत. कायद्यात सुधारणा होईपर्यंत इसारपावतीतच अभियंत्याच्या तपासणीची मुदत आणि गंभीर दोष आढळल्यास इसार परत करण्याची अट लिहून घेणे, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. दक्षतेची अपेक्षा ठेवणाऱ्या कायद्याने दक्षतेचे साधनही दिले पाहिजे.