योग आणि मूलनिवासी महिलांचं हीलिंग : ‘मिश्रण’ केलं म्हणजे नेमकं काय केलं?

21 जून म्हटलं की आपल्याला आंतरराष्ट्रीय योग दिन आठवतो. तो 2015 पासून साजरा होतो. कॅनडात मात्र 1996 पासूनच हा मूलनिवासी लोकांचा राष्ट्रीय दिवस आहे. आता संशोधनातही या दोन गोष्टी एकत्र आणायचे प्रयत्न दिसतात. थोडी आसनं, थोडा प्राणायाम, जोडीला गोल बसून बोलणं, सेजची पानं जाळून शुद्धी, ढोल, आणि या सगळ्यावर ‘कम्युनिटी वेलनेस’ हे लेबल. भारतीय विद्यार्थ्याला हा विषय लगेच खेचतो, कारण योग ‘आपला’. तुम्हीही असं काही डोक्यात ठेवून प्रपोजल लिहायला बसला असाल, तर आधी थोडं थांबा.

(शब्दाचा एक खुलासा. आपल्याकडे ‘मूलनिवासी’ला बहुजन चळवळीतला वेगळा अर्थ आहे. इथे मी तो उत्तर अमेरिकेतल्या फर्स्ट नेशन्स, इन्युइट, मेटी आणि इतर नेटिव्ह लोकांसाठी वापरतेय.)

माझा आक्षेप असा आहे की अशा मांडणीत योग अनेकदा औषध होतो आणि त्या बायकांची स्वतःची परंपरा ताटातली डावी बाजू होते. चटणी-कोशिंबिरीसारखी, चवीपुरती. हे कसं होतं ते बघू.

पुरावा कशाचा आहे?

लिटरेचर रिव्ह्यूमध्ये बेसेल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांचा 2014 चा अभ्यास हमखास येतो. उपचारांना दाद न देणारा, जुना पीटीएसडी असलेल्या 64 स्त्रिया. एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग, दुसऱ्या गटाला आरोग्य शिक्षणाचे वर्ग. शेवटी योगगटातल्या 31 पैकी 16 जणी पीटीएसडीच्या निकषात बसेनाशा झाल्या; दुसऱ्या गटात 29 पैकी 6. अभ्यास चांगलाच आहे.

पण त्यात मोजलं काय? एकेका बाईची लक्षणं. आता शीर्षकात ‘कम्युनिटी’ घातलंत की तुमचं विश्लेषणाचं एककच बदलतं. एकेकीचे स्कोअर बेरजेला धरून समाजाचं आरोग्य निघत नाही. मूलनिवासी समाजांच्या बरं होण्याच्या कल्पनांमध्ये जमीन, भाषा, नातेवाईक आणि विधी हे सगळं धरलेलं असतं. लहान मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत घालणं, त्यांची भाषा तोडणं, हे कॅनडात शंभर वर्षांहून जास्त काळ चाललं. बेपत्ता आणि खून झालेल्या मूलनिवासी स्त्रियांविषयीच्या राष्ट्रीय चौकशीने 2019 च्या अहवालात न्यायासाठी 231 मागण्या केल्या. त्यांत पोलिस, न्यायालयं, बालकल्याण, घरं, आरोग्यसेवा असे विषय आहेत. एखादीची बहीण बेपत्ता आहे आणि तपास होत नाही. तुमच्या बारा आठवड्यांनंतर तिला झोप बरी लागू लागली, तर ते मोलाचंच आहे. पण त्याला ‘समाजाचं हीलिंग’ म्हणालात तर न झालेला तपास तुमच्या निष्कर्षातून गायब होतो.

परंपरा ‘हरवली’ की बंद पाडली?

प्रपोजलच्या प्रस्तावनेत ‘लोप पावत चाललेल्या परंपरा’ असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. कॅनडाने 1884 मध्ये कायदा करून पॉटलॅच समारंभावर बंदी घातली. ती 1951 पर्यंत होती. अमेरिकेत नेटिव्ह लोकांच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा यायला 1978 उजाडलं. ज्या गोष्टीसाठी आजीला तुरुंगाची भीती होती, तीच गोष्ट नात विद्यापीठाच्या हॉलमध्ये तुमच्या संशोधनासाठी करून दाखवणार असेल, तर परवानगी कोणाची हा प्रश्न नुसत्या संमतीपत्रावरच्या सहीने सुटत नाही.

आणि परवानगीशिवायचं ‘मिश्रण’ नुसतं अपमानकारक असतं असंही नाही. 2009 मध्ये ॲरिझोनातल्या सेडोना इथे जेम्स रे या स्वमदत-गुरूने पैसे घेऊन स्वेट लॉज भरवला. तीन माणसं मेली, आणि 2011 मध्ये तो दोषी ठरला. विधी कोणी चालवायचा, कधी थांबवायचा, हे ज्ञान शिकवणाऱ्या ज्येष्ठांकडे असतं. विधी उचलला आणि ते ज्ञान मागे ठेवलं, की असं होतं.

‘आम्हीही वसाहतच होतो’ हे पुरेसं नाही

हा मुद्दा खास आपल्यासाठी. भारतीय संशोधक म्हणून आपण पटकन म्हणतो, ब्रिटिशांनी आम्हालाही दाबलं, म्हणून आमचा योग तुमच्याकडे मित्र म्हणून येतोय. 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांत मूलनिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यावर मतदान झालं. कॅनडाने विरोधात मत दिलं, भारताने बाजूने. पण भारताची भूमिका अशी की आमची सगळीच लोकसंख्या मूलनिवासी आहे. म्हणजे गडचिरोलीतली माडिया बाई आणि पुण्यातली मी, या हिशोबात सारख्याच! आज योगामागे एक मोठं राज्य आणि मोठा बाजार उभा आहे. तिथल्या बायकांसमोर बसताना हे वजन आपल्यासोबत येतं. तुमच्या ‘संशोधकाची भूमिका’ या भागात त्यावर एक प्रामाणिक परिच्छेद हवा.

मग विषय सोडून द्यायचा का?

नाही. अनेक बायका स्वतःहून योग निवडतात, आणि त्यांना तो नको असं ठरवणारे आपण कोण? शिवाय ट्रॉमाचं भान ठेवून शिकवल्या जाणाऱ्या योगात घेण्यासारखं खूप आहे. तिथे शिक्षक अंगाला हात लावून आसन सुधारत नाही. ‘डोळे मिटा’ असा हुकूम नसतो. ‘हवं तर मिटा, हवं तर उघडे ठेवा’ असं असतं. निवासी शाळेत हुकुमावर वाढलेल्या बाईसाठी हा फरक साधा नाही.

प्रपोजल लिहिताना हे तीन प्रश्न समोर ठेवा.

1. योग हवा असं आधी कोण म्हणालं? उत्तर ‘मी’ असेल, तर रिसर्च क्वेश्चन बदलायची तयारी ठेवा.

2. यश कशाने मोजायचं, हे कोण ठरवणार? ईव्ह टक यांचा 2009 चा लेख जरूर वाचा. फक्त जखमा मोजणारं संशोधन समाजाला ‘तुटलेला’ म्हणूनच दाखवत राहतं, हा त्यांचा मुद्दा आहे. बायकांनी ‘नात आता आमची भाषा बोलते’ हे यशाचं माप सांगितलं, तर तुमच्या डिझाइनमध्ये त्याला जागा आहे का?

3. डेटा कोणाचा? फर्स्ट नेशन्सनी 1998 पासून यासाठी चार तत्त्वं मांडली आहेत: मालकी, नियंत्रण, बघण्याचा हक्क आणि ताबा. ‘रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर राहतील’ हे वाक्य या तत्त्वांपुढे टिकत नाही.

हे सगळं केलं तर वेळ लागतो. गाईड विचारतील, डेटा कलेक्शन कधी सुरू? म्हणून टाइमलाइनमध्ये नुसत्या भेटीगाठींचे महिने आधीच दाखवा, आणि बजेटमध्ये ज्येष्ठ बायकांच्या मानधनाची ओळ योगशिक्षकाच्या मानधनाइतक्याच रकमेची ठेवा. मिश्रण बरोबरीचं आहे की नाही, हे परीक्षकाला त्या दोन ओळींतच दिसेल.